शालूला चालतील असे हात

क्रीम घ्यायला जाताना माणूस फार तर पाकीट आणि पिशवी घेऊन जातो. आमच्या शेजारचे धुरीकाका खिशात रेशमी कापडाचा तुकडा घेऊन जातात. हसमुखभाईंच्या मेडिकलमध्ये काउंटरशी उभं राहून ते आधी तळहातावर क्रीम चोळतात, पंख्याखाली हात वाळवतात, मग तो जांभळा तुकडा काढून त्यावरून हात हळूच फिरवतात आणि डोळे मिटून कान लावतात. धागा अडकला की बारीक ‘चर्र’ असा आवाज येतो म्हणे. तो फक्त त्यांनाच ऐकू येतो.

“नाय,” डबी परत सरकवत ते म्हणतात. “फिनिश नाय.”

“काका, सील क्यूं तोडा? अब कौन लेगा ये?” हसमुखभाई कळवळतात.

“तूच लाव. तुझे हात तरी खय मोठे मऊ लागून गेले?”

धुरीकाका इथल्याच, भांडुपमधल्या एका कारखान्यात फिटर होते. जन्मभर लोखंड घासून गुळगुळीत केलं आणि त्या नादात स्वतःचे हात खरखरीत करून बसले. पुढे कारखाना बंद पडला, त्या जागी टॉवर उभा राहिला, तरी काकांची जीभ काही फिटरकी सोडेना. भाकरीला पापुद्रा सुटला नाही, फिनिश नाय. पुढाऱ्याचं भाषण लांबलं, फिनिश नाय. माझ्या लग्नाचा आल्बम बघताना नवऱ्याच्या फोटोवर बोट ठेवून त्यांनी हाच शेरा मारला होता, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मला तो मान्य आहे.

हाच माणूस गेल्या वर्षभरात त्वचा मऊ करण्याच्या मागे हात धुऊन लागला. सुरुवात टाचांपासून झाली. त्यांच्या टाचांच्या भेगा आमच्या मजल्यावर प्रसिद्ध होत्या. सुनंदाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सगळ्यांना सांगायच्या की ह्यांच्या टाचांनी चादरी फाटतात, म्हणून मी मध्ये उशी ठेवून झोपते. तर काकांनी आधी वजरीने घासून पाहिलं. तिने भागेना, तेव्हा जुन्या पेटीतून पॉलिश पेपर काढला आणि टाच लोखंडाची असल्यासारखी घासली. चार दिवस चवड्यांवर चालत होते. मग हसमुखभाईंनी फूट क्रीम दिलं. काकांनी चष्मा लावून त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि भर दुकानात त्यांची मालवणी उसळली.

“युरिया? ह्यात युरिया आसा? मेल्या, माझ्या टाचेवर काय भात लावूचा आसा?”

भेगांच्या क्रीममध्ये युरिया असतोच, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खताची एजन्सी घेतली होती. शेवटी गावाहून कोकमाच्या तेलाचे गोळे मागवले, ते पातळ करून भेगांत भरले, वर मोजे चढवले आणि मोज्यांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या. जिन्यात सरसर आवाज आला की आम्ही समजायचो, काका दूध आणायला निघाले.

टाचा सुधारल्या, पण खरा घोर हातांचा होता. कढत पाण्याची अंघोळ सोडली. साबण सोडून बॉडी वॉश आणला आणि पहिल्या दिवशी अर्धी बाटली संपवून संध्याकाळपर्यंत बुळबुळीत राहिले. लोशन म्हणजे ‘पाणी घालून वाढवलेला क्रीम’ असं त्यांचं ठाम मत झालं. अंग ओलसर असतानाच क्रीम लावलं तर मुरतं, हे मात्र कुठून तरी शिकले आणि मग दिसेल त्याला शिकवत सुटले. भांडी गुलाबी रबरी हातमोजे घालून घासू लागले. सोसायटीच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवणं बंद केलं, कारण तळवे घट्ट होतात. “म्हातारपणी चळ लागलाय,” असं खालच्या मजल्यावरच्या बायका बोलू लागल्या.

मला चळ वाटला नाही, कारण मला कारण माहीत होतं. कारण होतं काकूंचा लग्नातला डाळिंबी शालू.

रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर पडून राहिलं की घडीवर चिरतं. म्हणून दसऱ्याच्या आधी कधीतरी शालू बाहेर काढायचा, वारा द्यायचा आणि वेगळ्या ठिकाणी दुमडून पुन्हा मलमलीत गुंडाळायचा. हे काम दरवर्षी काकू आणि मी करायचो. काकांना त्या खोलीत प्रवेश नव्हता. “अहो, तुम्ही बाहेर बसा बघू. तुमचा हात लागला की धागा निघतो,” असं काकू म्हणायच्या. काका बाहेर पेपर वाचल्यासारखं करायचे आणि मधूनच ओरडायचे, “झाला काय गो?”

मग मुलीला बाळ झालं आणि काकू बेंगळुरूला गेल्या. तीन महिन्यांसाठी. ते बाळ आता पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जातं. काकाही गेले होते मध्ये. तिथे काकू नातवाजवळ झोपायच्या आणि काकांच्या वाट्याला हॉलमधला सोफा आला. महिन्याभरात परतले. “थयसर माका काय काम नाय,” एवढंच म्हणाले आणि कुलूप उघडून आत गेले.

दर दसऱ्याला काकू येणार असायच्या. एकदा नातवाला ताप आला, एकदा मुलीच्या ऑफिसचं काही निघालं. शालूचा विषय काढला की फोनवरून ताकीद यायची, “मी आले की बघू. तुम्ही हात लावू नका.” अखेर एक दिवस काकांनी मला बोलावून कपाट उघडलं. शालू वरच्या खणात होता. दोघांनी लांबूनच पाहिला.

“अजून तसाच रवलो तर चिरतलो,” ते म्हणाले.

“मी बदलून देते ना घडी. आत्ता करू.”

“तुझे हात बरे आसत, ता माका म्हायत आसा. पण...” ते कपाटाच्या दाराशी बोलत असल्यासारखे बोलत होते. “लग्नात गाठ मारली तेव्हा काय हात लागलो असात तेवढोच. तेव्हाय भटजीक घाई होती.”

मी हसले. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून तो जांभळा तुकडा आणला.

यंदा दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. मी दार उघडताच माझ्या कानाजवळ तो तुकडा धरून त्यावरून हात फिरवला.

“ऐक.”

“मला काही ऐकू येत नाही, काका.”

“ताच तर!” एवढा आनंदी चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

त्यांच्या घरात जाऊन आम्ही काकूंना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी दोन्ही तळवे फोनसमोर धरले. काकू चष्मा वरखाली करत बघत राहिल्या.

“अगं बाई! हे कोणाचे हात?”

“माझे.”

“कॅमेऱ्यात काही केलंय का गं यांनी?” त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “काढा तर मग शालू. पण एकट्याने नका करू, ओढाताण होते. एक टोक हिला द्या.”

फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. काकांनी शालू दोन्ही हातांवर घेतला आणि उलगडला. एकही धागा अडकला नाही. जुन्या घडीवर रेशीम झिजलं होतं, पण चिरलं नव्हतं. पदर घेऊन मी दाराशी गेले, काका खिडकीशी उभे राहिले. काकू तिकडून सांगत होत्या, उभा दुमडा, काठ जुळवा, आता दोघं चालत जवळ या आणि टोकं तिच्या हातात द्या. काका माझ्या दिशेने चालू लागले.

“असा करतत होय,” ते पुटपुटले. “म्हणून दोघा लागतत.”

तेवढ्यात तिकडे नातू रडला. काकू चालू फोन आडवा ठेवून उठल्या आणि आम्हाला बेंगळुरूचा पंखा दिसू लागला. त्या फिरत्या पंख्यासमोर आम्ही उरलेली घडी घातली. काठाला काठ लागला होता. काका शालू तळव्यांवर घेऊन फोनसमोर उभे राहिले आणि काकूंची वाट बघू लागले.

काकू नातवाला कडेवर घेऊन आल्या. “झाली? अगदी छान झाली हो. आता असं करा, तो इकडेच पाठवून द्या. लेक म्हणते, तिकडून कुणी ना कुणी इकडे येत असतं. तिकडे कोण बघणार त्याच्याकडे? माझं काही आता येणं होईल असं दिसत नाही.”

शेवटचं वाक्य त्यांनी नातवाचं नाक पुसता पुसता म्हटलं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली. तिकडे त्या काय सुखात लोळत होत्या असं नाही. केस पूर्ण पांढरे झाले होते आणि मूल कडेवर घेताना कमरेला हात लावावा लागत होता.

“पाठवतंय,” काका म्हणाले. “तू जेवलंस?”

“जेवेन आता. हात मात्र छान झालेत हो तुमचे,” काकू म्हणाल्या. नातवाने बटण दाबलं आणि कॉल बंद झाला.

मी मलमलीचं फडकं पसरून धरलं. काकांनी शालू त्यावर ठेवला नाही. अंगठा काठावरून हळूहळू फिरवत ते तसेच उभे राहिले.

“गो बाय,” थोड्या वेळाने ते म्हणाले, “घडी नीट नाय पडली. परत एकदा उलगडूया?”

घडी उत्तम पडली होती. मी फडकं बाजूला ठेवलं, पदर हातात घेतला आणि पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिले.