देवस्थळी अधिक चार

ज्या गोष्टीचा अर्थ ठाऊक नाही ती विचारत बसण्यापेक्षा करून मोकळं व्हावं, या तत्त्वावर जगातल्या सर्व प्रतिष्ठित संस्था उभ्या आहेत. जयप्रकाश देवस्थळी सरकारी बँकेत मोठ्या हुद्द्यावर असल्याने त्यांना हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

पुण्याहून कोलकात्याला बदली होताच त्यांनी एका जुन्या गोल्फ क्लबकडे सभासदत्वासाठी अर्ज केला. (प्रतीक्षा अकरा वर्षं, पुढची बदली तीन वर्षांत.) सहा महिन्यांनी शताब्दी सामन्याचं निमंत्रण आलं. तळाशी छापलं होतं : ‘प्लस फोर्स अनिवार्य.’

“म्हणजे मी अधिक चार माणसं,” देवस्थळी म्हणाले.

“अहो, एकदा फोन करून विचारा ना,” प्रेमलताबाई म्हणाल्या.

“विचारलं तर आपल्याला माहीत नाही हे त्यांना कळेल.”

घरात प्रेमलताबाई आणि मुलगी नूपुर, म्हणजे दोनच. म्हणून बराकपूरहून मेहुणा मनोहर आणि त्याची बायको कुसुम यांना बोलावून घेतलं. कुसुमवहिनी शिवणाचे क्लास चालवायच्या. रविवारी सकाळी पाचही जण ठेवणीतल्या कपड्यांत क्लबच्या दारात हजर झाले.

हिरवळीवर एकेचाळीस सभासद उभे होते. सगळ्यांच्या अंगात गुडघ्याखाली आवळलेल्या, पिठाच्या पोत्यासारख्या फुगलेल्या विजारी आणि लांब लोकरी मोजे. (तापमान सदतीस अंश.)

“प्लस फोर्स?” सेक्रेटरी भादुडीबाबूंनी देवस्थळींच्या सरळ पँटकडे बघत विचारलं.

“मोजून घ्या,” देवस्थळी अभिमानाने म्हणाले. भादुडीबाबूंनी मोजले. चार भरले.

घोटाळा उलगडला तेव्हा देवस्थळींचे कान लाल झाले. प्रकरण हसण्यावारी गेलंही असतं, पण कुसुमवहिनींनी हिंदीत विचारलं, “पण या विजारीला प्लस फोर का म्हणतात?”

सभासद एकमेकांच्या विजारींकडे बघू लागले. चार खिसे असतात म्हणून, असं नऊ जणांचं मत पडलं. चार पिढ्या टिकते म्हणून, असं सहा जणांचं. उरलेल्या सव्वीस जणांनी दोन्ही मतांना मान डोलावली. वहिनींनी वाकून अध्यक्षांच्या विजारीचा काठ बोटांनी चाचपला.

“गुडघ्याच्या मापाहून चार इंच कापड जास्त घेतलंय. झोळ पडावा म्हणून. बस्स.”

अध्यक्षांनी घाम पुसला.

आठवड्याने अर्ज परत आला. शेरा होता : ‘अर्जदाराच्या कुटुंबात चौकशी करण्याची सवय आढळते.’ देवस्थळी दोन दिवस नीट जेवले नाहीत. वहिनींना मात्र क्लबमधल्या सतरा जणांनी गुपचूप विजारी सैल करायला पाठवल्या.

प्लस फोर म्हणजे काय, हे आपल्याला शीर्षक वाचतानाच ठाऊक होतं, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आपण जरूर अर्ज करावा.