चढवलेलं कार्ड

संगमेशने कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड चढवलं ते चढवलं, पण गप्प तरी बसायचं! कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कार्ड जास्त पळवायचं, एवढीच ती करामत. पण कोल्हापूरचा माणूस काही चढवतो आणि कुणाला सांगत नाही, असं कधी झालंय? त्याने आधी आईला सांगितलं, मग बायकोला, मग गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीत.

घाई मात्र खरी होती. मेव्हण्याचं लग्न कालच लागलं होतं आणि आज संध्याकाळी रिसेप्शनला मोठ्या पडद्यावर लग्नाची फिल्म दाखवायची होती. फिल्म संगमेशची. सासरे पंचाक्षरी हे नेसरीचे व्यापारी. पोरीचं लग्न झाल्यापासून ते एकच विचारत आले होते, "जावई फोटो काढतात ते बरं हाय, पण कामधंदा काय करतात?" आज भर पाहुण्यांत त्याचं उत्तर द्यायचं होतं.

सकाळी फिल्म निम्मी तयार झाली आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. परत चालू केला, परत बंद. डब्याला हात लावला तर चटका बसला.

"अहो, लई चढवलासा म्हणून तापालंय त्ये," बायको शिवलीला म्हणाली. "खाली आना की."

"एकदा चढवलं की उतरवायचं न्हाय. पानपट्टीवर सांगून बसलोय मी!"

"पानपट्टीवाला येनार हाय व्हय फिल्म दाखवायला?"

संगमेशने डब्याचं झाकण काढलं आणि खोलीच्या दारात टेबलफॅन ठेवला, तोंड कार्डाकडे. युक्ती चांगली होती. फक्त दाराबाहेर अक्काताईंनी, म्हणजे त्याच्या आईने, कांडपातून आणलेलं वर्षाचं तिखट गार व्हायला धोतरावर पसरलं होतं, तेवढं त्याने बघितलं नाही. फॅन सुरू झाला, मागची हवा ओढून पुढे फेकू लागला, आणि निम्मं तिखट थेट कार्डात गेलं.

"संगू, माझं तिखट!"

"अव्वा, माझं कार्ड!"

तापलेल्या कार्डावर तिखट भाजू लागलं आणि असा खकाणा उठला की वरच्या मजल्यावरून कोणीतरी शिंकत विचारलं, "काय फोडणी घातलासा ओ?" संगमेशने वायर उपटली. इथवर तरी ठीक होतं. पण मग त्याने वाकून कार्डावर जोरात फुंकर मारली. काय म्हणावं या माणसाला! सगळं तिखट डोळ्यांत. बोंबलत तो मोरीकडे पळाला, आणि मागून अक्काताई तांब्या घेऊन.

डोळे उघडता येईपर्यंत बराच वेळ गेला. तोवर शिवलीलाने मऊ ब्रशने कार्ड झाडून कॉम्प्युटर परत चालू केला होता.

"करा काम चालू," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

संगमेशला आता खरंच भीती वाटत होती. पुन्हा बंद पडलं तर सासऱ्यांपुढे कुठलं तोंड घेऊन जायचं? त्याने मुकाट्याने, कुणी बघत नाही असं पाहून, कार्डाचा वेग उतरवायला सेटिंग उघडलं.

वेग आधीच उतरवलेला होता. अगदी मूळच्या जागी.

त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. शिवलीला पाठमोरी आलं किसत होती. दुपारपर्यंत फिल्म तयार झाली.

संध्याकाळी पडद्यावर मुलावर अक्षता पडताना पंचाक्षरी गुपचूप डोळे पुसताना दिसले आणि सगळा हॉल हसला, मग निम्मा रडला. फिल्म संपल्यावर सासरे स्वतः उठून आले.

"जावईबापू, एका दिवसात एवढं काम? कसं काय केलासा?"

संगमेशने खरं सांगायला तोंड उघडलं, पण शिवलीला आधीच बोलली, "मशीन चढवलंय त्यांनी, आप्पा. लई डोक्याचं काम असतंय त्ये."

संगमेशला एवढं भरून आलं आणि एवढी लाज वाटली की त्याला मान वर करवेना.

"अस्सं?" पंचाक्षरी खूश झाले. "मग आमच्या दुकानातला कॉम्प्युटर पन लई रडतोय. उद्या येऊन तेवढं चढवून द्या."

"येतो की मामा," संगमेश घाईघाईने म्हणाला. "पन हिला संगं घेऊन येतो."