खडूची फुली आणि गवताचं मशीन

आमच्या परशराम आप्पांच्या खिशात पेन सापडणार नाही, चष्मा सापडणार नाही, पण खडूचा तुकडा हमखास सापडेल. बेळगावातल्या ओतीव लोखंडाच्या एका कारखान्यात आप्पांनी पस्तीस वर्षं माल तपासला. तडा गेलेला किंवा आतून पोकळ निघालेला तुकडा दिसला की त्यावर खडूनं फुली मारायची, म्हणजे तो परत भट्टीत. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी हाताची सवय काही गेली नाही.

हिंडलग्यात आमची घरं शेजारी शेजारी, त्यामुळे पहिला मारा माझ्यावर. माझ्या फाटकाच्या बिजागरीवर फुली आहे, नव्या पाण्याच्या टाकीवर आहे. बाजारात कलिंगड वाजवून बघतील आणि विकणाऱ्याच्या देखत फुली मारून पुढे जातील. अनगोळात एका लग्नात त्यांनी डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पाठीवर फुली मारली. त्या खुर्चीत नंतर नवऱ्या मुलाचे वडील टेकले, आणि कोटाच्या पाठीवर फुली घेऊन ते मांडवभर पाहुण्यांना नमस्कार करत फिरले. मी आप्पांना बाहेर नेऊन चांगलं झापलं.

"मी खुर्ची रिजेक्ट केलतो, मास्तर," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "माणूस न्हाय."

मी शाळेत शिकवतो म्हणून त्यांचा मास्तर. एकदा मी विचारलं, की पास झालेल्या मालावर कसली खूण करता? "त्येला कशाला खूण? त्यो जातोय की आपल्या वाटंनं." त्यामुळे आप्पांना काय पसंत आहे, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

घरात आप्पा आणि त्यांची धाकटी बहीण शेवंताआक्का, दोघंच. आक्कांचा उजवा हात लहानपणीच्या तापात गेला. कोपर हलतं, पण बोटांत जोर नाही. त्यांचं लग्न जमलं नाही, आणि आप्पांनी केलं नाही. आक्का भाकरी डाव्या हातानं थापतात, आणि त्या भाकरीला आप्पांनी कधी नावं ठेवल्याचं मी ऐकलं नाही.

घरामागं चार गुंठे मोकळी जागा आहे. पाऊस लागला की तिथं कमरेइतकं गवत होतं, आणि गवतात साप येतात. गेल्या श्रावणात धुण्याच्या दगडाजवळ नाग निघाला. तेव्हापासून आक्का मागचं दार एकट्यानं उघडत नाहीत, आधी 'आण्णा' म्हणून आप्पांना हाक मारतात. गवत आप्पाच विळ्यानं कापायचे. गडी लावावा तर नेमके त्याच दिवसांत सगळे भात लावणीला गेलेले असतात.

यंदा मे महिन्यात आप्पा सकाळी सकाळी माझ्या दारात उभे. "मास्तर, गाडी काढा. पेट्रोलवरचं गवताचं मशीन बघायचंय. पंधरा वर्षं चाललं पायजे."

"पंधराच का?"

"शेवंती आता साठ वर्षांची हाय."

याचा आणि मशिनाचा संबंध काय, ते मला कळलं नाही. पण आप्पांच्या हिशेबात तोंड घालायचं नाही, हे मी कधीच शिकलोय. मी गाडी काढली.

तीन दिवसांत आम्ही बेळगावातली सहा दुकानं पालथी घातली. विजेवरचं मशीन दाखवलं, तर ओल्या गवतातनं वायर कोण ओढणार म्हणून रिजेक्ट. खांद्याला अडकवायचं कटर आप्पांनी बघितलंसुद्धा नाही. एकात तेल मोजून पेट्रोलात मिसळावं लागत होतं, तेही गेलं. एकाचा पत्रा बोटानं वाजवून म्हणाले, "दोन पावसाळ्यात चाळण हुतंय." आणि दुकानदाराचं लक्ष नाही बघून कोपऱ्यात बारीक फुली मारली.

खरा तमाशा पुढेच होता. या मशिनाच्या मुठीशी एक दांडी असते. ती दाबून धरल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, सोडली की बंद. लोक एका हातानं दांडी धरतात आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढतात. आप्पा उजवा हात छातीशी दुमडायचे, कोपरानं दांडी दाबायचे आणि डाव्या हातानं दोरी ओढायला जायचे. दोरी सगळ्या मशिनांना उजवीकडे, त्यामुळे आप्पांचं अंग पार पिळून निघायचं. एका दुकानदारानं गल्ल्यावरच्या आपल्या भावाला कन्नडमध्ये हळूच विचारलं, म्हाताऱ्याला बरं नाही का? आप्पांनी कन्नडमध्येच सांगितलं, की मी बरा आहे, तुझं मशीन बरं नाही.

तोवर मी हसत होतो. मग त्यांच्या दुमडलेल्या उजव्या हाताकडे नीट बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. आक्का विळी घेऊन बसतात तेव्हा त्यांचा हात अगदी असाच असतो.

"आप्पा, मशीन आक्का चालवणार? मग तुम्ही काय करणार?"

आप्पा सरळ गाडीत जाऊन बसले.

सातवं दुकान निपाणीत सापडलं. मालक जुना लेथवाला, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा. आप्पांची ती कसरत त्यानं शांतपणे बघितली आणि विचारलं, "घरात डाव्या हाताचं कोण हाय?"

"धाकटी भन."

त्यानं पाना घेतला, दोरीचा हुक उजवीकडून काढला आणि भोक पाडून डाव्या बाजूला बसवला. जाड पत्रा, चाकांना बेअरिंग. आप्पांनी खाली वाकून पातंसुद्धा बघितलं.

"पार्ट मिळतील?"

"मी हाय तवर मिळतील."

"आणि तुमच्या माघारी?"

"माझी लेक बघती की दुकान." गल्ल्यावरच्या बाईंनी मान हलवली. आप्पांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि हातातला खडू खिशात टाकला. मग कोपरानं दांडी दाबून डाव्या हातानं चारदा दोरी ओढली. चारही वेळा इंजिन लागलं. पाचव्यांदा ओढायच्या ऐवजी ते दुकानाच्या पायरीवर बसले. कपाळावर घाम होता.

संकेश्वर मागे पडल्यावर ते बोलले. "डॉक्टर जोर लावू नको म्हटलाय. पुढच्या म्हैन्यात हार्टचं ऑपरेशन हाय."

मी गाडी बाजूला घेतली. "आणि सात दुकानांत दोऱ्या ओढत फिरलात? मला सांगायचं तरी!"

"सांगितलो असतो तर गाडी काढला असता व्हय? माल मलाच तपासाय पायजे."

"आक्कांना माहीत आहे?"

"न्हाय." आप्पांनी खडू काढला आणि शर्टाच्या डाव्या खिशावर सावकाश फुली मारली. "दुरुस्त हुईल म्हणतोय डॉक्टर. आमी दुरुस्त केलेला माल बाहेर सोडत न्हवतो, मास्तर."

मी गाडी परत रस्त्यावर घेतली.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मशीन मागच्या दारी उतरवलं. वळवाच्या पावसानं गवत घोट्याच्या वर आलं होतं. आप्पांनी दांडी दाखवली, दोरी दाखवली आणि चार पावलं मागे झाले. आक्कांनी कोपर टेकलं, डाव्या हातानं दोरी ओढली. पहिल्यांदा मशीन नुसतं खोकलं, दुसऱ्यांदा लागलं. आक्का त्या धुण्याच्या दगडापर्यंत गेल्या, वळून परत आल्या. मागं कापलेल्या गवताचा सरळ पट्टा पडला होता. आप्पा दोन्ही हात मागे बांधून बघत होते. आता करायला काही उरलं नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला ते बघवेना.

मशीन बंद करून आक्का जवळ आल्या. त्यांची नजर आप्पांच्या खिशावर गेली.

"ही रं काय, आण्णा? शर्टावर बी फुली?"

त्यांनी दाराशी ठेवलेल्या बादलीत पदराचं टोक बुडवलं आणि डाव्या हातानं फुली पुसायला लागल्या.

"ऱ्हाऊ दे, शेवंते."

"का ऱ्हाऊ दे? दवाखान्याची फाईल गाद्यांच्या मागं लपवून ठेवलास, मला काय दिसत न्हाय व्हय? का वाचाय येत न्हाय?" आक्कांचा आवाज फाटला, पण हात थांबला नाही. "मशीन लई झ्याक हाय. पण त्येला पेट्रोल कोण आणणार? मी न्हाय जाणार पंपावर. गुमान ऑपरेशन करून घे आणि घरला ये."

आप्पांच्या फुलीला हात लावायची आजवर कुणाची टाप नव्हती. आक्का घासत होत्या, आणि सत्तरीचे आप्पा मान खाली घालून, तोंड पुसून घेणाऱ्या लहान पोरासारखे निमूट उभे होते.