थांबणं आणि घुटमळणं

इकडे या, अशा जवळ बसा. दारात काय घुटमळून राह्यल्या? आमच्या वामनभाऊनं पाहिलं तर लगेच विचारेल, "इरादा दाखवा!"

वामनभाऊ माझा शेजारी. कोर्टात बेलीफ होता, घरोघरी समन्स नेऊन देणारा. सारा जन्म लोकांच्या दारात उभं राहण्यात गेला, म्हणूनच की काय, रिटायर झाल्यावर दुसरे लोक काऊन उभे राहतात याचा त्याला ध्यास लागला. माझी मांजर दुधाच्या गंजापाशी बसली, तरी म्हणणार, "वहिनी, हे थांबली नाई. हे घुटमळून राह्यली. फरक हाये!"

म्हातारा चळला, असं मीही म्हणायची. पण त्याचं सगळं शेवटी आमच्या कारंजा गावच्या हायवेवरच्या बसस्टॉपपाशी येऊन टेकतं. संध्याकाळी बाजार आटोपून निघालेल्या बाया तिथं एसटीची वाट पाहतात. आणि बाई विकत मिळते का ते पाहत काही गाड्या हळू होतात. काच खाली येते, गाडी पुढे जाते, वळसा घेऊन परत येते. अशांना धरा, म्हणून वामनभाऊ ठाण्यात सांगायला गेला. साहेब म्हणाले, "बोलणं ऐकलं का? पैसे देताना पाह्यलं का? नाई ना? मंग नुसता थांबलेला माणूस कसा धरू?"

"आन बाईले कसे धरता? तेबी तं नुसतीच उभी असते!"

तेव्हापासून तो नगरपंचायतीच्या मागे लागला. सरकारकडे ठराव पाठवा, कायद्याचं माप बदला! बाईच्या उभं राहण्यावरून इरादा काढू नका, गड्याच्या चकरांवरून काढा. मेंबर लोक पोट धरून हसले. एक म्हणाला, "काका, मंग तं पत्ता शोधणारे सारे जावई अंदर!"

मीही हसले. ते हसू मला महागात पडलं. माझ्या भाचीला, सुमीला, पाहायला देवळीचे पाहुणे यायचे होते. घर सापडेना, म्हणून त्यांची पांढरी गाडी स्टॉपभोवती वळसे घालत राहिली. मी त्यांना आणायला धापा टाकत पोचले, तर वामनभाऊ बॉनेटवर हात ठेवून उभा.

"इरादा दाखवा!"

मुलाचे वडील बिचारे साधे. हात जोडून म्हणाले, "पोरगी पाहायले आलो जी."

"कबूल!" वामनभाऊ ओरडला. "साऱ्यांसमोर कबूल केलं! बापलेक संगंच आले, शरम नाई!"

मागच्या सीटवर मुलाची आई पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडे याचं लक्षच नाही.

गर्दी जमली. हवालदार आला. त्यानं पाहुण्यांना नमस्कार केला, गाडीला वाट करून दिली. मग आपणही काही चौकशी केली असं दिसावं म्हणून असेल, रिकामी टोपली घेऊन उभ्या असलेल्या भाजीवालीकडे वळला. "तू काऊन उभी वं?"

वामनभाऊचा आवाज एकदम बसला. "साहेब, तिची बस होती."

"होती? मंग गेली काऊन नाई?"

"हाये म्हणतो मी. यायची हाये तिची बस."

ते 'होती' कोणाचं, मला ठाऊक होतं. त्याची धाकटी बहीण कुसुम, दवाखान्यात नर्स. ड्यूटीवर जायला याच स्टॉपवर थांबली असताना तिला ठाण्यात नेलं होतं. "माझी बस होती," एवढंच ती सांगत राहिली. ठाण्यानं सोडली लगेच, गावानं नाही सोडली. ती गेली इथून, भाऊबीजेलाही येत नाही. म्हणते, "दादा, येईन रे. पण परत जाताना त्या स्टॉपवर उभं राहावं लागते ना."

सुमीचं जमलं बरं का! मुलाची आई म्हणाली, "ज्या गावात गाडीवाल्याले विचारतात, तिथची पोरगी पाह्यजेच."

ठराव मात्र अजून नगरपंचायतीतच घुटमळून राह्यला. आणि वामनभाऊ रोज संध्याकाळी स्टॉपवर. भाजीवाल्या बाया चिडवतात, "काका, तुमचा इरादा काय हो?" तो लाजतो. "काई नाई, माय. थांबलो हावो." कोणासाठी, ते कोणी विचारत नाही.

तर पुन्हा लवकर येजा. माझे गुडघे बोलतात, घ्यायला यायला उशीर होईल. स्टॉपवर खुशाल उभ्या राहा. वामनभाऊ असतो तिथं.