ब्राउझर मला ओळखत नाही

गेल्या बावीस वर्षांत माझं एकही व्रत मोडलेलं नाही, हे मी गर्वाने सांगत नाही. गर्व करायचा नाही, हेही माझं एक व्रतच आहे! पण नाही मोडलं ते नाही मोडलं. पहाटे उठून जप, दिवसातून एकदाच जेवण, आवाज चढवायचा नाही आणि आभाळ कोसळलं तरी खोटं बोलायचं नाही. यातलं आवाजाचं सर्वांत सोपं. माझा आवाज मुळातच इतका बारीक, की फोनवर लोक चार वेळा "हॅलो, हॅलो" करतात आणि ठेवून देतात.

म्हणून आमच्या अकरा जणींच्या वाचनमंडळाने चाळीस दिवसांचा संकल्प केला, तेव्हा प्रमुख मलाच नेमलं. प्रत्येकीने आपापल्या घरी रोज ग्रंथाचा एक अध्याय वाचायचा आणि दुपारी बाराच्या आत मंडळाच्या वेबसाइटवर 'वाचला' अशी खूण करायची. एकीची जरी राहिली, तरी अकराही जणींचा संकल्प पुन्हा पहिल्या दिवसापासून!

मी सगळ्यांना सांगितलं, "एक वेळ सूर्य उगवायचा राहील, पण माझी खूण राहणार नाही."

सूर्य रोज उगवला. ब्राउझर मात्र रोज मला विसरला!

रोज सकाळी वेबसाइट उघडावी, तर ती दारात आलेल्या परक्या बाईला विचारावं तसं विचारणार, आपण कोण? मग नाव. मग पासवर्ड. मग सहा आकडी कोड. तो येणार ह्यांच्या फोनवर, कारण खातं काढताना ह्यांचाच नंबर दिला होता. आणि हे फोन खिशात घालून खाली बागेत! मी खिडकीतून हाक मारायची, ती गजांपर्यंतसुद्धा पोचायची नाही. मग चपला घालून तीन जिने उतरायचे आणि कोड जपासारखा पुटपुटत तीन जिने चढायचे. एकदा शेजारणीने जिन्यात विचारलं, "बरं आहे ना?" मी म्हणाले, "चार-सात-शून्य-दोन-एक-एक!" आणि तशीच वर गेले. तेव्हापासून ती माझ्याशी जरा जपून बोलते.

तरी अडतीस दिवस निभावले. एकोणचाळिसाव्या दिवशी खूण करून उठते आहे, तोच हे म्हणाले, "उद्या पहाटे मी निघतोय. मित्राच्या शेतघरावर. दोन दिवस."

"फोन लागतो ना तिथे?"

"छे! तीच तर मजा आहे!"

नंबर बदलायला तीन दिवस लागतात असं वेबसाइटवरच लिहिलं होतं. म्हणजे आजच्या आज ब्राउझरने मला लक्षात ठेवायला शिकायला हवं, नाहीतर उद्या चाळिसाव्या दिवशी दहा बायकांची तपश्चर्या माझ्यामुळे पाण्यात!

"एवढंच ना?" ह्यांनी बाह्या सरसावल्या. हे आयुष्यभर नकाशे काढत होते, त्यामुळे कुठलीही वाट आपल्याला सापडतेच असा ह्यांचा समज आहे.

मी हळूच म्हणाले, "अहो, आत शिरताना ते एक प्रश्न विचारतात..."

"थांब गं, मध्ये बोलू नकोस!"

ह्यांनी कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. मग 'सगळं पुसून टाका' अशा अर्थाचं एक बटण सापडलं, तेही दाबलं. ब्राउझर अगदी लख्ख झाला. मला तर विसरलाच होता, आता ह्यांनाही विसरला! हे रोज एका वेबसाइटवर शब्दकोडं सोडवतात. तिचा पासवर्ड ह्यांना आठवेना.

"दोनशे तेरा कोडी, अगं! सलग!" हे असे ओरडले, की मांजर कपाटावर चढलं.

मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. मिशीवाला, जाडजूड, रुग्णाची नाडी धरावी तसा त्याने माऊस धरला. "काकू, याला विस्मरण झालंय. पोट उघडावं लागेल."

"पण बाळा, आत शिरताना ते एक प्रश्न..."

"काकू, घाबरू नका, काही दुखणार नाही त्याला!"

त्याने खोका उघडला. आतून एवढी धूळ निघाली की आम्ही तिघं शिंकत बसलो. मग त्याने एक नाण्याएवढी बॅटरी काढली, फुंकर मारून परत बसवली. कॉम्प्युटर चालू झाला, पण त्याची तारीख पार अकरा वर्षं मागे गेली! वेबसाइट उघडायला गेलो तर उत्तर आलं, या वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही.

"म्हणजे काय?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे काका, या कॉम्प्युटरच्या मते तुम्ही अजून नोकरीत आहात!"

ह्यांचा चेहरा क्षणभर उजळला. तेवढंच.

तारीख ताळ्यावर आली, ब्राउझर काढून नवा घातला, तरी पाटी कोरीच. संध्याकाळी सूनबाई कामावरून आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. नमुना बघितल्याशिवाय मत देत नाही. टेबलावर स्क्रू, जमिनीवर धूळ, कपाटावर मांजर असा सगळा देखावा पाहून म्हणाली, "आई, तुम्ही आत कशा जाता, ते मला दाखवा."

सकाळपासून हे मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं!

मी नाव घातलं. पासवर्ड घातला. ह्यांच्या फोनवरचा कोड घातला. मग रोजचा प्रश्न आला, 'हा कॉम्प्युटर तुमचा स्वतःचा आहे का?' मी शांतपणे 'नाही' दाबलं.

"आई!" सूनबाई किंचाळली. "नाही कशाला दाबलंत? 'नाही' म्हटलं की ते तुम्हाला लक्षात ठेवत नाहीत!"

"अगं, कॉम्प्युटर ह्यांचा आहे. ऑफिसने निरोपाला दिलाय. खोक्यावरच्या पट्टीवर नाव आहे ह्यांचं. खोटं कसं बोलू?"

"रोज 'नाही'च दाबलंत?" मिशीवाल्याने खाली बसकण मारली.

"रोज."

सूनबाई सासऱ्यांकडे वळली. "बाबा, देऊन टाका त्यांना."

"काय?"

"कॉम्प्युटर! त्याशिवाय त्या 'हो' म्हणणार नाहीत."

ह्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. घसा खाकरला. "बरं. दिला."

"मनापासून?" मी विचारलं.

"अर्ध्या मनाने."

"मग मला 'हो' नाही म्हणता येणार."

"काका, द्या हो!" मिशीवाला हात जोडून म्हणाला. "मला घरी जायचंय!"

"दिला गं बाई! मनापासून दिला! पट्टीसकट दिला!"

मी पुन्हा आत शिरले आणि 'हो' दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका यंत्राची मालकीण झाले.

चाळिसाव्या दिवशी हे अंधारातच निघून गेले. मी अध्याय वाचला, ब्राउझर उघडला. ना नाव, ना पासवर्ड, ना कोड! थेट आत! खूण केली. डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात पडद्यावर एक नवीन चौकट उघडली.

'चाळीसही दिवस आपण एकाग्र चित्ताने वाचन केलंत का? नसल्यास मंडळाचा संकल्प पुन्हा सुरू होईल.'

एकाग्र चित्ताने! अहो, चाळीस दिवस माझं निम्मं चित्त पासवर्डात आणि निम्मं जिन्यात!

बाराला पाच कमी असेपर्यंत मी त्या चौकटीसमोर बसले. मग डोळे मिटून 'नाही' दाबलं.

पहिला फोन मंडळातल्या सर्वांत करड्या शिस्तीच्या बाईंना केला. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी जे झालं ते सांगितलं. आता त्या रागावणार असं वाटलं, तोच त्या पुटपुटल्या, "बरं झालं बाई, तुम्हीच दाबलंत. मी साडेदहापासून त्या प्रश्नासमोर बसलेय!"

मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की माझा आवाज चक्क चढला.

आज नव्या संकल्पाचा तिसरा दिवस. ब्राउझर मला बघताक्षणी ओळखतो. कालच्या अध्यायात काय होतं, ते मात्र कृपा करून मला विचारू नका. खरं सांगावं लागेल!