ठकी, खांब आणि दादांची दाढ

"चूक माझी नाही, ठकीची आहे. तिला मागे डोळा नाही. एक डोळा बसवला की काम फत्ते," दातांच्या डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवत निकाल दिला. "आणि तो मीच बसवणार."

ठकी म्हणजे त्यांची जुनी निळी गाडी. दवाखान्याचा जम बसला तेव्हा घेतलेली आणि तेव्हापासून लाडावलेली. गल्ली एवढी अरुंद, की गाडी घरात घ्यायची तर रिव्हर्समध्येच. फाटकाच्या दोन खांबांपैकी डावा खांब ठकीचा जन्माचा वैरी होता. त्याने तिचा इतका निळा रंग ओरबाडून घेतला होता, की नव्या पाहुण्यांना तो हौसेने रंगवल्यासारखा वाटे.

डॉक्टरांनी तरी काय करावं? लोकांच्या तोंडात वाकून वाकून मान आखडलेली. मागे वळून बघणं शक्यच नाही. राहिले आरसे, आणि आरशात बघून ते जितक्या काळजीने गाडी घेत, तितकी ती खांबाला बिलगे.

शेवटी डॉक्टरीणबाईंचा संयम संपला. या बाई दवाखान्यात नंबर लावत, डॉक्टरांच्या हातात हत्यारं देत आणि घरी सरळ निकाल देत. "हे बघा, रविवारी दादा येतोय. त्याच्यासमोर गाडी आत घेऊन दाखवा. परत खांबाला लागली, तर ठकी त्याच्याबरोबर जाईल."

दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. जुन्या गाड्यांचा धंदा. ते दोन कामं घेऊन येणार होते. जमलं तर ठकी न्यायची, आणि कसंही करून ठणकणारी दाढ काढून घ्यायची.

ठकी जाणार? त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी गाडीच्या मागे बसवायचा कॅमेरा आणला.

"मेकॅनिकला बोलवा की," बाई म्हणाल्या.

"आपला हात जगन्नाथ. जो माणूस दाढेच्या मुळात शिरतो, त्याला डिकीत शिरणं काय अवघड?"

रविवारी उजाडताच ते डिकीपाशी बसले. ड्रिल लावताना सवयीने म्हणाले, "जरा मोठा आ करा." ठकीने डिकी उघडीच ठेवली होती. नंबर प्लेटच्या वर भोक पडलं, वायर आतून पार पुढच्या डॅशबोर्डपर्यंत गेली आणि तिथे इवलासा पडदा बसला. डॉक्टर आनंदाने नुसते उड्या मारायचे राहिले होते.

फक्त चित्र लागे आणि विझे, लागे आणि विझे.

"हा तर डोळा मारतोय," बाई म्हणाल्या.

कॅमेरा रिव्हर्सच्या दिव्याऐवजी इंडिकेटरला जोडला गेला होता. डॉक्टरांनी पुन्हा डिकीत डोकं घातलं आणि जोडणी बदलली. शेवटी कॅमेऱ्याच्या मागे तारेचं एक छोटं वेटोळं उरलं. कशालाच न जोडलेलं, उगाच बाहेर डोकावणारं. टाके घातल्यावर उरलेला दोरा कापायचाच असतो. डॉक्टरांनी तेही कात्रीने कच्चकन कापलं.

तेवढ्यात दादा आले. गाल सुजलेला, पण नजर धंद्याची. त्यांनी ठकीभोवती एक चक्कर मारली. "डॉक्टर, आधी दाढ की आधी गाडी?"

"आधी गाडी. हातच्या काकणाला आरसा कशाला? आत्ता बघा."

ठकी गल्लीत उभी राहिली. बाई सवयीने मागे जाऊन "येऊ द्या, येऊ द्या" म्हणू लागल्या, तर डॉक्टरांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. पडद्यावर नजर रोखून, श्वास धरून त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. ठकी थोडी इकडे झाली, थोडी तिकडे झाली आणि दोन्ही खांबांच्या मधून लोण्यातून सुरी जावी तशी आत आली.

बाईंचा हात तोंडावर गेला. डॉक्टर खाली उतरले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. ठकी वाचली होती.

"कमाल आहे. बघू बरं," म्हणत दादांनी गाडी पुन्हा गल्लीत काढली.

"आरसे अजिबात बघू नका. फक्त पडदा," डॉक्टरांनी गुरूच्या थाटात बजावलं.

दादांचा जन्म गाड्या मागे-पुढे करण्यात गेलेला. ते पडद्याकडे बघत झोकात मागे आले. "अरे, पण हा निळा खांब या बाजूला कसा..."

धाड.

दादा गाल धरून खाली उतरले. ठकीच्या मागे वाकून त्यांनी बराच वेळ कॅमेरा न्याहाळला. "ही तार कोणी कापली?"

"जास्तीची होती," डॉक्टर म्हणाले.

"जास्तीची कसली! ही कापली की चित्र उलटं होतं. डावं उजवीकडे दिसतं, उजवं डावीकडे. या पडद्यावर भरवसा ठेवून कोणीही खांबालाच धडकणार."

"मग यांना कसं जमलं?" बाईंनी विचारलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तुमचा तो दातांचा आरसा! उभा जन्म त्यात बघून काम केलंत. समोर दिसेल त्याच्या उलटे हात चालवायची सवय लागली तुम्हाला. म्हणून साध्या आरशात बघितलं की खांब. आणि आता चित्रही उलटं, हातही उलटे, म्हणून गाडी सरळ!"

"मी दुसरा कॅमेरा लावून देतो," दादा म्हणाले.

"हात लावशील तर खबरदार," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी खांबाला सुख लागलंय. ठकी इथेच राहील."

डॉक्टरांची छाती फुगली. त्यांनी ठकीच्या टपावर प्रेमाने थाप मारली, बाह्या सरसावल्या आणि दादांकडे वळले. "चला, आता तुमची दाढ. हे हात आहेतच असे, दादा. आरसा दिसला की उलटे चालतात, मला कळतसुद्धा नाही. उजवीकडची ना?"

"डावीकडची," दादा म्हणाले. मग त्यांनी गालावरचा हात हळूच काढला. "पण आता दुखायची थांबलीये."

आणि सुजलेला गाल घेऊन ते जे निघाले, ते चहालाही थांबले नाहीत.