दर खाटेमागे पावणेपाच परिचारिका

रोगी औषधाने बरा होतो. दवाखाना मात्र सरासरीनेच सुधारतो. हे तत्त्व सन १९३६ साली वाशीमकडच्या एका दवाखान्याच्या कमिटीला उमगले, याचा मला फार अभिमान आहे. (मी त्या कमिटीचा चिटणीस होतो.)

त्या साली वरून परिपत्रक आले की, दर आठ खाटांमागे एक नर्स असावी. आमच्याकडे सोळा खाटा होत्या आणि एक गोजराबाई होती. जमिनीवर चटई टाकून पडलेले वीसेक जण वेगळे. पण खाट नसलेला इसम रोगी ठरत नाही, तो विश्रांती घेत असतो, असा निर्वाळा कमिटीने आधीच दिला होता.

गोजराबाई कामाला वाघ, पण हिशेबी डोके नाही. ती कमिटीपुढे उभी राहून म्हणाली, "इकडे बाळंतीण पाहतो, तं तिकडे तापातला खाटेवरून पडते. मी एकटी कुठं कुठं पुरू? मले अजून एक बाई द्या."

अध्यक्ष शांतीलालजींनी खिडकीतून वॉर्डाकडे पाहिले. बाजाराचा दिवस होता. ते म्हणाले, "बाई, माणसाची कमी हाय कुठं? पाय ठेवाले जागा नाही."

खोटे नव्हते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेले नाही तर लोक नावे ठेवतात. शिवाय बाजाराला आलोच आहोत, तर एका फेरीत दोन कामे. पोटदुखीने पडलेल्या नानाजींना पाहायला एकट्या रिठदहून सहा बैलगाड्यांतून एकेचाळीस माणसे आली होती. एक जण वारा घालत होता, दोघी त्यांना भाकर भरवत होत्या (डॉक्टरांनी मना केलेली), आणि बाकीचे उशापायथ्याशी बसून तुरीचे भाव बोलत होते. शांतीलालजींनी विचारले, "वारा घालणं, भरवणं, धीर देणं, ही शुश्रूषा नाही तं काय हाय?" बाळंतिणीने हाक मारली म्हणून गोजराबाई केव्हाच निघून गेली होती.

ठराव एकमताने झाला. भेटीस येणारा प्रत्येक इसम हंगामी परिचारिका (पुरुष असल्यास तोही) समजावा आणि दाराशी रजिस्टरात त्याची सही अगर अंगठा घ्यावा. त्या दिवशीची मोजणी शहात्तर. भागिले सोळा. म्हणजे दर खाटेमागे पावणेपाच. विलायतेतही इतके प्रमाण नसावे. (चौकशी केलेली नाही.) साहजिकच आता गोजराबाई जादा ठरली. महिनाअखेर तिला नारळ दिला. नारळ चांगला मोठा होता.

बाराव्या खाटेवर मानोऱ्याकडची मनकर्णाबाई होती. तिला मागेपुढे कुणी नव्हते. म्हणजे प्रत्यक्षात नव्हते. सरासरीने तिच्याही वाट्याला पावणेपाच येत होत्या. जाण्याच्या दिवशी गोजराबाई तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवून गेली. तो दुपारपर्यंत पुरला. मला त्या म्हातारीचे वाईट वाटले, हे कबूल करतो. पण एका माणसावरून सरासरी काढता येत नाही.

पुढच्या बाजारी तिला फणफणून ताप होता. वॉर्डात चौऱ्याऐंशी परिचारिका हजर होत्या. तिने दोनदा पाणी मागितले. तिसऱ्यांदा मागितले नाही.

मनकर्णाबाई गेली तेव्हा कामावर कोण होते, अशी वरून विचारणा झाली. मी रजिस्टर पाठवून दिले. वाचकहो, त्यात आपलीही सही आहे. आपण मामांना पाहायला आला होता आणि अकराव्या खाटेवर बसून त्यांना संत्री सोलून देत होता. ती आपल्याकडेच वळून म्हणाली होती, "घोटभर पाणी देता का जी?" आपण तिला टाळले, असे मी कुठेही लिहिलेले नाही. आपण तिला अगदी गोड आवाजात उत्तर दिले होते, आणि ते मी शेऱ्याच्या रकान्यात जसेच्या तसे उतरवले आहे.

"नर्सबाईले सांगा ना, मावशी."